दहावीत कमी गुण मिळाले, आता कॉलेजचे काय?



दहावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात दोन प्रकारचे पालक येतात. काही पेढे घेऊन येतात. काही मुलाला बाहेर बाकावर बसवून एकटेच आत येतात आणि हळू आवाजात विचारतात, "सर, ह्याला आता कॉलेज मिळेल का हो?" पेढेवाल्यांचे फोटो आपण दरवर्षी छापतो. आजचा लेख बाकावर बसलेल्या त्या मुलासाठी आहे.

प्रथम, कोणते गुण कुठे मोजले जातात हे नीट समजून घेऊ.

१) नववी ही शाळेची परीक्षा आहे. दहावीत जाण्यापलीकडे तिच्या गुणांना कॉलेजप्रवेशात स्थान नाही.

२) आपल्या मध्यप्रदेशात बी.ए., बी.कॉम., बी.एससी. यांचे प्रवेश ई-प्रवेश पोर्टलवरून होतात व गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागते. दहावीत ४८ आणि बारावीत ७४ टक्के असतील, तर यादीत ७४ धरले जातात.

३) देवी अहिल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतील अनेक अभ्यासक्रमांना सीयूईटी द्यावी लागते. ही परीक्षा २०२२ साली सुरू झाली. तिच्या गुणांत दहावी येत नाही.

४) इंजिनियरिंगसाठी जेईई मेन आहे. एनआयटीत जायचे तर त्याशिवाय बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान हवे. मेडिकलसाठी नीट, आणि बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय हवेत.

५) पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीच्या आधारावर मिळतो. तो चांगल्या रीतीने पूर्ण केला की इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे.

६) दहावीत एखादा विषय राहिला, तरी वर्ष वाया जाईलच असे नाही. भोपाळच्या मंडळाने २०२५ पासून पुरवणी परीक्षेऐवजी द्वितीय परीक्षा सुरू केली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (एनआयओएस) परीक्षाही वर्षातून दोनदा होतात.

म्हणजे दार बंद झालेले नाही. पण खोटा दिलासा देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. दहावीची अंकसूची पुढेही सोबत राहते. एमबीएसाठी आपल्या इंदूरच्या आयआयएमसह काही संस्था निवड करताना दहावी-बारावीचे गुणही पाहतात, आणि काही कंपन्या नोकरी देताना दहावीपासून ६० टक्के मागतात. सर्व वाटा सारख्या मोकळ्या राहत नाहीत, हे मुलांना माहीत असावे.

याहून मोठी अडचण वेगळी आहे. गुण मागे राहतात, पण कच्चा पाया आपल्याबरोबर अकरावीत येतो. अकरावीच्या फिजिक्समध्ये सुरुवातीलाच सदिश येतात. ज्याची दहावीची त्रिकोणमिती कच्ची आहे त्याला ते कळत नाहीत, आणि त्याला वाटते की फिजिक्सच आपल्याला जमत नाही. कॉमर्समध्ये भागीदारीच्या खात्यांत नफा गुणोत्तराने वाटावा लागतो, तिथे सातवी-आठवीचे गणित आड येते. मूल अकरावीत नापास होते, पण त्याचे कारण दोन-तीन वर्षे मागे असते.

आम्ही हे स्वतः भोगले आहे. नववीच्या सहामाहीत गणितात ५० पैकी ११ गुण होते. घरी मराठी, शाळेत हिंदी. शब्दांची उदाहरणे वाचूनच आम्ही गोंधळत असू. एका गुरुजींनी आम्हांला सातवीचे पुस्तक आणायला सांगितले. लाज वाटली, पण तीन महिन्यांत आम्ही पुन्हा नववीच्या पुस्तकावर आलो. पुढे हिंदी माध्यमातूनच पदवी घेतली.

म्हणून विद्यार्थ्यांनो, असे करा. सुट्टीत नववी-दहावीची पुस्तके रद्दीत देऊ नका. प्रत्येक धड्याच्या शेवटची पाच उदाहरणे न बघता सोडवा. जिथे अडाल त्या धड्यावर खूण करा व फक्त तेच धडे पुन्हा करा. रोज दीड तास, सहा आठवडे. चुका एका वेगळ्या वहीत लिहा व दर रविवारी ती वही वाचा. अकरावीचे गुण कॉलेज बघत नाही म्हणून ते वर्ष ढकलू नका. बारावीचा अभ्यास त्याच्यावरच उभा असतो.

पालकहो, शाखा निवडताना शेजारच्या मुलाकडे पाहू नका. मुलाला विचारा, कोणता विषय तो कोणी न सांगता उघडतो. आणि पाहुण्यांसमोर त्याचे टक्के सांगू नका.

शेवटी विश्वस्तांना नम्र विनंती. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून गेली काही वर्षे आपण कमी गुणांच्या मुलांना अकरावीत सायन्स नाकारत आलो. त्या दाखल्यांवर आमचीच सही आहे, आणि आज ती चूक वाटते. निकाल शंभर टक्के दाखवणे सोपे आहे, कच्च्या मुलांना वगळले की झाले. या वर्षीपासून अशा मुलांना सहा आठवड्यांची पायाभरणी करून घेऊन, शाळेची एक चाचणी देऊन हवी ती शाखा मिळावी, असा प्रस्ताव आम्ही ठेवत आहोत. दोन शिक्षक बिनमोबदला शिकवायला तयार आहेत. सकाळी दोन वर्गखोल्या उघडून मिळाव्यात, एवढेच मागणे आहे.

बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला यापुढे आम्ही आत बोलावणार आहोत. त्याच्या भविष्याची गोष्ट त्याच्यासमोरच व्हावी.