कोहळा आणि शस्त्रवैद्याचा हात

नवरात्रातील होमाच्या अखेरीस, बलिदानाच्या वेळी देवालयात कोहळा चिरला जातो, हे सभासद मंडळींनी अनेकदा पाहिले असेल. पशूच्या जागी फळ. माध्व वैष्णवांच्या यज्ञात तर पिठाचाच पशू करितात. हीच योजना वैद्यविद्येच्या शिक्षणातही फार जुनी आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून हा अल्पसा अभ्यास.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ होय. ‘योग्या’ म्हणजे हात बसावा म्हणून करावयाचा सराव. शास्त्र कितीही ऐकले तरी ज्याने सराव केला नाही तो कर्मास अपात्र, असे आचार्यांचे मत. छेदन शिकावयाचे ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भेदन पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर. जखमेचा मार्ग सळईने शोधणे किडीने पोखरलेल्या लाकडात वा वेळूत. शिवण जाड-बारीक वस्त्रांच्या कडांवर. आणि पट्ट्या बांधणे मनुष्याकृती पुतळ्याच्या अवयवांवर. मात्र येथे फुशारकी नको. शिरावेधासाठी कमळाच्या देठाबरोबर मृत पशूची शीरही सांगितली आहे, आणि उपटून काढण्याच्या सरावासाठी मृत पशूचे दातही. म्हणजे ग्रंथकारांस पशुदेह वर्ज्य नव्हता; परंतु या यादीत जिवंत प्राणी एकही नाही.

आधुनिक काळी मात्र शस्त्रक्रियेचा हात बसविण्यासाठी जिवंत कुत्री, डुकरे वापरली गेली आणि बेडूक तर शिक्षणाच्या आरंभीच. आमच्या एका वयोवृद्ध सभासदांनी तरुणपणी, फळीवर टाचलेल्या बेडकाचा पाय हललेला पाहून वैद्यकाची वाट सोडली व हिशेबनिसी पत्करली. त्यांस भित्रे म्हणणारे म्हणोत. समाज एका दयाळू वैद्यास मुकला, असे आम्हांस वाटते.

१९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज संशोधकांनी तीन सूत्रे मांडिली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन, न जमल्यास संख्या कमी, आणि जेथे वापर अटळ तेथे वेदना कमी. पुढल्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी करणारे लेर्दाल यांनी श्वासोच्छ्वास देण्याच्या सरावासाठी मनुष्याकृती बाहुली बाजारात आणिली. त्याच १९६० साली, श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीनंतर, आपल्या देशात प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या १७व्या कलमात, पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी भागत असेल तेथे प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, आणि केवळ हस्तकौशल्यासाठी तर होता होईल तो करूच नयेत, असा आशय आहे. अमेरिकेतील शल्यवैद्यांच्या महाविद्यालयाने २००१ साली अपघातचिकित्सेच्या वर्गात प्राण्याऐवजी कृत्रिम धडास मान्यता दिली. तेथील वैद्यकाच्या पदवी-शिक्षणातून जिवंत प्राणी २०१६ साली पूर्णपणे गेले.

आक्षेप असा की, बाहुलीतले रक्त खोटे. शिकाऊ वैद्याचा हात खऱ्या रक्तापुढे कापेल आणि त्याचे फळ आपल्याच मुलाबाळांस भोगावे लागेल. आक्षेप हलका नाही. परंतु डुकराचे कातडे व बरगड्यांची ठेवण माणसाची नव्हे, आणि एक प्राणी एकदाच मरतो. कृत्रिम धडावर तीच क्रिया पन्नास वेळा करून चूक सुधारता येते. उरते ते खऱ्या देहाचे ज्ञान. ते गुरूजवळ उभे राहून मिळते, आणि देहदानाने.

येथे सभासद कुटुंबे थबकतात. देह दिला तर अंत्येष्टी कशी व्हावी, असा प्रश्न आमच्या वडिलांस विचारला जातो. प्रेत उपलब्ध नसता पळसाची पाने वा दर्भ यांची प्रतिकृती करून तिचे दहन करण्याचा पालाशविधी शास्त्रात आहे. तो देहदानासही लागू व्हावा असे आमचे नम्र मत. ज्येष्ठ शास्त्रीमंडळींनी यावर निर्णय द्यावा, म्हणजे पुढील अंकी तो छापता येईल.