घाटातला पाऊस आणि गीतेतला ‘धीर’

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४ आणि १५



जुलै लागला की पुण्यातल्या बाईकवाल्यांच्या ग्रुपवर एकच विषय असतो. पहाटे चांदणी चौकात जमायचं, पिरंगुट, पौड, मुळशी करत ताम्हिणी उतरायचा, माणगावला मुंबई–गोवा महामार्ग पकडायचा आणि थेट गोवा गाठायचा. पण मुळशीच्या पुढे पाऊस असा कोसळतो की हेल्मेटच्या काचेतून पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसेना होतो. बोटं गारठतात, रेनकोटच्या आत पाणी शिरतं. आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, “चल रे, एवढ्याशा पावसाला काय घाबरायचं!”

आजचे श्लोक नेमके अशा वेळेसाठी आहेत. चौदाव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवणारच. पण ती येतात आणि जातात, कायमची राहत नाहीत. म्हणून ती सहन कर. यालाच तितिक्षा म्हणतात.

आपण यातलं ‘सहन कर’ एवढंच ऐकतो आणि त्याचा अर्थ ‘रेटत राहा’ असा लावतो. पण भगवंतांनी दिलेलं कारण बघा : हे सगळं येणारं-जाणारं आहे. पाऊसही तसाच. जो तासाभरात ओसरू शकतो, त्याच्याशी घाटातल्या वळणावर झुंज कशाला?

आणि घाटातला पाऊस म्हणजे पेठेतला पाऊस नव्हे. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पुणे शहरात एवढा पाऊस पडायला जवळपास अख्खा पावसाळा जातो. याच वाटेने माणगावहून पुढे गेलं की महाड येतं. तिथे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीला पूर आला आणि ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या अंधारात नदीत पडल्या. त्या प्रवाशांचा काहीच दोष नव्हता. रोजचा रस्ता त्या रात्री तिथे नव्हता, एवढंच. मुसळधार पावसात पुढे काय आहे हे आपल्याला ठाऊक असतंच असं नाही.

मग थांबलं तर तितिक्षा कुठे राहिली? खरं तर ती तिथेच सुरू होते. ओल्या कपड्यांत दोन तास बसायचं, हॉटेलचे भरलेले पैसे सोडायचे, मित्रांचं “घाबरलास काय?” ऐकून घ्यायचं. थंडी सोसणं सोपं आहे हो, अहंकाराला बसलेला चिमटा सोसणं अवघड.

पंधराव्या श्लोकात भगवंत सुख-दुःखात सम राहणाऱ्याला ‘धीर’ म्हणतात. आपल्या मराठीत या शब्दाची गंमत बघा. ‘धीर दे’ म्हणजे बळ दे, आणि ‘धीर धर’ म्हणजे थांब, वाट बघ. बळ आणि थांबणं एकाच शब्दात! वारीतही तेच दिसतं. वारकरी पावसात भिजत चालतात, पण मुक्काम ठरलेले असतात. पुण्यात माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत विसावते. त्या विसाव्याने पंढरी चुकत नाही.

आजपासून एवढं करूया :

१. निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघायचा. रेड अलर्ट असेल तर बेत पुढे ढकलायचा.

२. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, पुढचा गेला तरी. थांबायचं ते दरडीपासून आणि झाडापासून लांब, रस्त्याच्या पूर्ण बाहेर.

३. थांबलात की घरी फोन करा. मागे बसलेल्याला विचारा, “ठीक आहेस ना?” त्याचा जीव आपल्या हातात असतो.

आणि स्वतःला एक प्रश्न : मी आत्ता सहन करतोय की मिरवतोय? हा प्रश्न ऑफिसात, घरात, भांडणातही उपयोगी पडतो.

हे श्रीकृष्णा, सोसायचं ते सोसण्याचं बळ दे आणि थांबायचं तिथे थांबण्याचंही.

जय हरि!