स्वातंत्र्य, समता, बंधुता : तीन शब्दांचा पाठ

माहीमच्या किनाऱ्याने दक्षिणेस चालत गेले की दादरची चैत्यभूमी येते. तेथे नतमस्तक होताना आम्ही ज्या तीन तत्त्वांचे स्मरण करतो, त्यांचा इतिहास प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावा.

२६ ऑगस्ट १७८९ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला. राजाचा प्रजाजन नागरिक झाला. १७९३ मध्ये राष्ट्ररक्षणासाठी सार्वत्रिक सैन्यभरतीही झाली. परंतु १७९४ मध्ये रद्द केलेली वसाहतींतील गुलामगिरी नेपोलियनने १८०२ मध्ये पुन्हा लागू केली. कायदा फिरवता आला, कारण बंधुभाव रुजला नव्हता.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी याच फ्रेंच सभेचा दाखला दिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, ही तिन्ही तत्त्वे परस्परांपासून वेगळी काढता येत नाहीत. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून त्यांनी स्पष्ट केले की, ती आपण फ्रेंच क्रांतीकडून नव्हे, तर भगवान बुद्धांच्या शिकवणीतून घेतली.

स्वातंत्र्य व समता कायद्याने मिळू शकते; बंधुता सहवासातच रुजते. वसतिगृहाच्या पंगतीत आम्ही तिचे धडे गिरवले. शिकून मोठे झाल्यावर मागे राहिलेल्या भावंडांचा विसर पडला, तर आमचा हा पाठ अपुराच राहील.