गोळीची भीती

(छातीतील जळजळीवर घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची अनेकांना भीती वाटते. या भीतीचे काय करावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, भरपूर तेलकट, तिखट जेवण करून लगेच अंथरुणावर पडले, की पुष्कळ लोकांच्या छातीत जळजळ होते. घशाशी आंबट पाणी येते. असे का होते? आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. ते अन्न पचवण्यास मदत करते आणि अन्नातून आलेले बरेचसे जंतूही मारते. जठराच्या आत एक चिकट थर असतो, त्यामुळे जठराला या आम्लाची बाधा होत नाही. अन्ननलिकेला मात्र असे संरक्षण नसते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली, की आम्ल वर चढते आणि जळजळ होते.

हे आम्ल कमी करणारी औषधे आज सहज मिळतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही नावे तुम्ही गोळ्यांच्या पाकिटावर वाचली असतील. जठरात आम्ल सोडणारे अतिसूक्ष्म पंप असतात. या गोळ्या ते पंप बंद करतात. जेवताना पंप कामाला लागतात, म्हणून डॉक्टर या गोळ्या बहुधा जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायला सांगतात.

आता समजा, तुमच्या दादीजान गुडघेदुखीसाठी गोळ्या घेतात. दुखणे थांबवणाऱ्या काही गोळ्यांमुळे जठरात जखम होऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी त्यांना आम्ल कमी करणारी गोळीही दिली आहे. एके दिवशी शेजारची बाई म्हणते, "या गोळीने हाडे ठिसूळ होतात." तुम्ही पाकिटातील माहितीपत्रक वाचून दाखवता. त्यात दुष्परिणामांची लांबलचक यादी असते. दादीजान घाबरतात आणि कोणालाही न सांगता ती गोळी बंद करतात. गुडघेदुखीची गोळी मात्र चालूच राहते! आता त्यांच्या जठरात जखम होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. पाहा, ज्या गोळीची भीती वाटली, तीच गोळी त्यांना सांभाळत होती.

मग ती यादी खोटी असते का? नाही. पण ती नीट वाचावी लागते. यादीतील प्रत्येक त्रास प्रत्येकाला होत नाही. काही त्रास शंभरांत एखाद्यालाच होतो, काही हजारांतही क्वचितच होतो.

दुसरी गोष्ट कारणाची. ज्या महिन्यांत छत्र्या जास्त विकल्या जातात, त्याच महिन्यांत रस्त्यावर चिखलही जास्त असतो. म्हणून छत्र्यांमुळे चिखल होतो, असे आपण म्हणतो का? दोन्हींचे कारण पाऊस असतो. त्याचप्रमाणे या गोळ्या बऱ्याचदा वृद्ध आणि आजारी माणसे घेतात. त्यांची हाडे वयामुळेही कमजोर झालेली असू शकतात. मग दोष वयाचा की गोळीचा, हे कसे ओळखावे?

यासाठी शास्त्रज्ञ कसोटी घेतात. अशाच एका मोठ्या कसोटीचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. हृदयाचे किंवा रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या 17,598 लोकांनी तिच्यात भाग घेतला होता. काहींना पँटोप्राझोल दिले, तर काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. सुमारे तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. हाडे मोडण्याच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. आतड्यांचा संसर्ग मात्र औषध घेणाऱ्यांत थोडा जास्त होता : एका गटात हजारांत सुमारे 14 जणांना, तर दुसऱ्या गटात सुमारे 10 जणांना. आम्ल जंतू मारते, हे तुम्ही वर वाचलेच आहे.

म्हणजे भीती अगदीच निराधार नसते. रॅनिटिडिन हे जळजळीवरील दुसरे औषध जगभर खपत असे. 2019 साली त्यात कर्करोगास कारण ठरू शकणारा पदार्थ सापडला. 2020 साली अमेरिकेने ते बाजारातून काढून घ्यायला लावले. भारतानेही 2022 साली आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले. पँटोप्राझोलसारख्या गोळ्या अनेक वर्षे घेतल्या, तर काहींच्या शरीरात बी-12 जीवनसत्त्व किंवा मॅग्नेशियम कमी होऊ शकते. म्हणून दुकानातून गोळ्या आणून वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेत राहणे, हीसुद्धा चूकच आहे.

गोळी एकदम बंद केली, तर आणखी एक गोष्ट घडू शकते. बरेच दिवस दबलेले पंप जोराने काम करू लागतात. काही दिवस आम्ल जास्त सुटते आणि जळजळ वाढते. माणसाला वाटते, "गोळीशिवाय आपले चालणारच नाही." म्हणून गोळी कमी कशी करायची, हे डॉक्टरांनाच विचारावे.

भीती वाटली, तर तिचा प्रश्न करा. घरातील वडीलधाऱ्यांबरोबर दवाखान्यात जाल, तेव्हा हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या :

1. ही गोळी कशासाठी आहे?
2. किती दिवस घ्यायची?
3. इतर औषधांबरोबर ती चालेल का?
4. कमी करता येईल का, आणि कशी?

रात्रीचे जेवण लवकर व बेताचे करणे, जेवल्यावर दोन-तीन तास आडवे न होणे आणि तंबाखू सोडणे यांनीही जळजळ कमी होते. परंतु गिळताना त्रास होणे, वजन घटणे, काळी शौच होणे किंवा रक्ताची उलटी होणे ही लक्षणे दिसली, तर वेळ दवडू नका. छातीत दुखून घाम येत असेल किंवा दुखणे हाताकडे, जबड्याकडे जात असेल, तर ती जळजळ समजून घरी बसू नका. हा हृदयाचा विकार असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.

ऐकीव गोष्टीवरून औषध सोडू नये आणि ऐकीव गोष्टीवरून ते सुरूही करू नये. दादीजानना एवढेच म्हणा, "तुम्ही गोळी बंद करू नका, दादीजान. उद्या आपण डॉक्टरांना विचारून येऊ."

शब्दार्थ
जठर – पोटातील अन्न पचवणारी पिशवी
दुष्परिणाम – वाईट परिणाम
निराधार – आधार नसलेला
ऐकीव – दुसऱ्याकडून नुसती ऐकलेली

स्वाध्याय
1. दादीजाननी गोळी बंद केल्यामुळे कोणता धोका वाढला?
2. छत्री आणि चिखल यांच्या उदाहरणातून काय समजते?
3. 'भीतीचा प्रश्न करा' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत लिहा.