परदेशातून परतल्यावर व्यायाम का सुटतो?

वडोदऱ्यातील अनेक मराठी कुटुंबांतून मुले-मुली शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी जातात आणि त्यांपैकी काही जण कालांतराने परततात. परतल्यावर हवा, रहदारी, गर्दी यांविषयीची त्यांची कुरकूर आपण ऐकतो. परंतु वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा एक बदल बहुधा दुर्लक्षित राहतो. तिकडे अंगवळणी पडलेला व्यायाम इकडे थोड्याच आठवड्यांत सुटतो. प्रस्तुत लेखात त्याची कारणे व उपाय यांचा थोडक्यात विचार केला आहे.

परतीचा धक्का

परदेशी गेलेल्या व्यक्तीच्या समायोजनाचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो, असे स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडले. १९६३ मध्ये गलाहॉर्न दांपत्याने त्यात परतीनंतरची दुसरी घसरण जोडली आणि आलेख 'डब्ल्यू'सारखा झाला. हाच 'रिव्हर्स कल्चर शॉक'. परक्या देशी अडचणी येणार हे मनाने धरलेले असते. स्वतःच्या घरी त्या अपेक्षित नसतात, म्हणून त्या अधिक बोचतात.

सवय परिस्थितीत वसते

नेदरलँड्समध्ये लोकसंख्येपेक्षा सायकली अधिक आहेत. कामावर, शाळेत, बाजारात सायकलनेच जाण्याची तेथे रीत आहे. ब्रिटनमध्ये २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू केलेली 'पार्करन' आज अनेक देशांत पसरली असून तीत पाच किलोमीटर विनामूल्य धावता येते. अशा ठिकाणी राहणाऱ्यास व्यायामासाठी वेगळा निश्चय फारसा करावा लागत नाही. रस्ता आणि शेजारी त्याच्याकडून तो करवून घेतात.

वेंडी वुड व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या ठिकाणची परिस्थिती जुन्यासारखी असेल तर व्यायामाची सवय टिकली. परिस्थिती पालटली तेथे ती ढळली. तेव्हा परतलेल्या तरुणास 'आळशी झालास' असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. त्याचा निश्चय कमी झालेला नसतो, सवयीचा आधार मागे राहिलेला असतो.

इकडे पदपथ तुटक, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार आणि रात्रीचे जेवण उशिरा. शिवाय 'दारात गाडी असताना पायी कशाला?' हा प्रेमळ प्रश्न आहेच. परदेशी एकटी धावणारी सून येथे आल्यावर कोण पाहील, या विचाराने घरातच थांबते. तिकडे व्यायाम ही ज्याची त्याची बाब. इकडे ती साऱ्या घराची बाब होते.

शरीर काय गमावते?

कॉइल व सहकाऱ्यांच्या १९८४ च्या अभ्यासात सराव थांबविलेल्या कसलेल्या खेळाडूंची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता २१ दिवसांत सुमारे ७ टक्के, तर ५६ दिवसांत १६ टक्के घटली. आपणा भारतीयांत पोटावरील चरबी व मधुमेह यांची प्रवृत्ती अधिक असल्याने ही घसरण महाग पडते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ लागला की सावध झाले पाहिजे.

व्यवसायबंधूंसाठी

परतलेल्या रुग्णास 'व्यायाम करता का?' एवढेच विचारून भागत नाही. 'तिकडे काय करीत होतात आणि येथे त्यातले काय उरले?' असे विचारावे. मधुमेही रुग्णाची औषधमात्रा तिकडच्या रोजच्या सायकलिंगवर बसविलेली असू शकते. येथे हालचाल थांबली की साखर चढते, मात्रा वाढविली जाते. पुढे रुग्ण उत्साहाने पुन्हा धावू लागला की, विशेषतः इन्शुलिन वा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्यास, साखर एकदम उतरण्याचा धोका संभवतो. म्हणून व्यायाम पुन्हा सुरू करण्यापूर्वी कळविण्यास आवर्जून सांगावे. मूत्रल औषधे घेणाऱ्यास उन्हाळ्यातील निर्जलीकरणाची कल्पना द्यावी.

परतलेल्यांसाठी व घरच्यांसाठी

उष्ण हवेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात पहाटेची वेळ निवडून निम्म्या श्रमापासून आरंभ करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. भरभर चालणे, जिने चढणे, सूर्यनमस्कार, जोर-बैठका यांतून हे साधते. तिकडचीच सायकल वा तिकडचेच जिम हवे असे नाही. मात्र वेळ, जागा आणि सोबती हे तिन्ही ठरलेले असावेत. लॅली व सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. तेव्हा महिन्याभरात हताश होऊ नये.

घरच्यांनी जेवणाची वेळ तासभर अलीकडे आणावी आणि सुनेबरोबर सकाळी सयाजीबागेत जाऊन यावे. ज्या नगरीत जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखी संस्था उभी राहिली आणि मराठी व्यायामज्ञानकोशाचे खंड सिद्ध झाले, तेथे व्यायाम ही परक्या देशातून आणलेली वस्तू खचितच नव्हे. परतलेल्यांना सोबती हवे आहेत. ते मिळवून देणे आपल्या मंडळास सहज शक्य आहे. सभासदांनी आपापल्या वस्तीत चार-चार जणांचा गट करून आरंभ करावा, ही विनंती.