आमच्या शाळेतला चिनीगुलाब

आपल्या शाळेच्या झेंड्याच्या कट्ट्याभोवती जी बुटकी झाडे आहेत ती तुम्ही पाहिली असतील. त्या झाडाचे नाव चिनीगुलाब. त्याला ऑफिस टाइम असेही म्हणतात, कारण त्याची फुले सकाळी दहाच्या सुमाराला उमलतात. नाव चिनीगुलाब असले तरी ते झाड चीनचे नाही आणि गुलाबही नाही. गुरुजींनी नकाशात दाखवले, त्याचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेत आहे. ब्राझील, उरुग्वे आणि अर्जेंटिना हे ते देश. शास्त्रात त्याला पोर्चुलाका ग्रँडिफ्लोरा म्हणतात. हे नाव १८२९ साली हूकर नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. मला ते नीट म्हणायला दोन दिवस लागले.

हे झाड वीतभर उंच होते, मग जमिनीवर पसरते. त्याची पाने चपटी नसतात. ती बारीक, गोल आणि जाड असतात. पान चिमटीत दाबले की पाणी निघते. खोडातही पाणीच असते. ज्या झाडाने पाने आणि खोड यांत पाणी साठवून ठेवले आहे त्याला आपण वरून रोज पाणी घालायची गरज नसते. हे मला आता कळले आहे. जूनमध्ये कळले असते तर बरे झाले असते.

कारण ही झाडे मागच्या वर्षीच्या चौथीच्या मुलांनी लावली होती. ती मुले पाचवीला शेजारच्या गावच्या हायस्कूलात गेली. जाताना म्हणाली, "झाडं सांभाळा रे, १५ ऑगस्टला आम्ही बघायला येणार." आम्ही हो म्हटले. मग आम्ही पाणी घालायच्या पाळ्या लावल्या, रोज दोघे दोघे. माझी पाळी सोमवारी. मी एकदाही पाळी चुकवली नाही. पाऊस पडत असला तरी मी डोक्यावर पोते घेऊन बादली न्यायचो, कारण यादीत नाव होते. बाकीची मुलेही तशीच. जुलै महिन्यात झाडे बुडाशी काळी पडायला लागली. फांदीला हात लावला की ती हातातच यायची आणि घाण वास यायचा. मला वाटले पाणी कमी पडते, म्हणून त्या सोमवारी मी दोन बादल्या घातल्या. हे मी कोणाला सांगितले नव्हते, इथेच पहिल्यांदा लिहितो आहे. आठ दिवसांत सगळी रांग गेली. आमच्या वर्गातली एक मुलगी तर रडायलाच लागली. तिचा भाऊ मागच्या चौथीत होता.

आता दुसरी गोष्ट. जूनमध्ये चेंडू लागून चिनीगुलाबाच्या काही फांद्या मोडल्या होत्या. गुरुजी रागावतील म्हणून आम्ही त्या भिंतीपलीकडे मुरमाच्या ढिगावर फेकून दिल्या होत्या. जुलैच्या मधल्या आठवड्यात चेंडू पुन्हा तिकडे गेला. मी आणायला गेलो तर त्या फांद्या हिरव्यागार! एकीला गुलाबी फूलसुद्धा आले होते. तिथे कोणी पाणी घातले नव्हते की खत घातले नव्हते. मी एक फांदी उपटली, तर खाली पांढऱ्या मुळ्या सुटल्या होत्या.

घरी आईला सांगितले तर ती हसली. म्हणाली, "अरे, घोळीची बहीणच आहे ती! घोळ खुरपून तिथंच टाकली की पुन्हा मूळ धरते. म्हणून आम्ही ती उचलून बांधाच्या दगडावर वाळत टाकतो." मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. ते म्हणाले आई बरोबर बोलली, आपण जिची भाजी करतो ती घोळ आणि चिनीगुलाब एकाच कुळातले आहेत. घोळीचे फूल बारीक आणि पिवळे असते, तेसुद्धा उन्हातच उमलते. पण चिनीगुलाबाची भाजी कोणी करू नका, तो शोभेचा आहे.

मग आम्ही मुरमावरच्या फांद्यांपासून नवी झाडे केली. रीत सोपी आहे. चार बोटे लांबीचा शेंडा चिमटीने खुडायचा, कात्री लागत नाही. खालची दोन बोटे पाने काढून टाकायची. मग तो शेंडा एक दिवस सावलीत नुसता ठेवायचा, म्हणजे खुडलेली जागा वाळते. ओली जखम तशीच मातीत गेली तर ती कुजते. आमच्या गुरुजींनी फळ्यावर उसाचे बेणे काढून दाखवले. उसाला पेरावर डोळा लागतो, तसे चिनीगुलाबाला डोळा शोधत बसावे लागत नाही. खोडाचा कुठलाही जून नसलेला तुकडा चालतो. माती मात्र भुसभुशीत पाहिजे. आम्ही एक ओंजळ माती, एक ओंजळ ओढ्याची वाळू आणि अर्धी ओंजळ जुने शेणखत घेतले. तेलाच्या डब्याला खिळ्याने बुडाला पाच भोके पाडली, त्यावर खापराचे तुकडे ठेवले आणि मग माती भरली. भोके नसली तर पाणी तळाशी साचते, आणि पुढचे तुम्हाला माहीत आहे.

मी एक प्रयोग केला. दोन डब्यांत पाच पाच शेंडे लावले. दोन्ही डबे व्हरांड्याच्या कडेला उन्हात, पण पागोळीपासून लांब ठेवले. एकाला रोज पाणी घातले. दुसऱ्याला बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. बारा दिवसांनी पाहिले तर रोजच्या डब्यातले दोन जगले, तीन कुजले. दुसऱ्यातले पाचही जगले. तिसरा डबा मी वर्गात कपाटावर ठेवला होता. त्यातली झाडे जगली, पण लांब आणि लुळी झाली, कळी एकही नाही. ह्या झाडाला दिवसभराचे ऊन पाहिजे.

१५ ऑगस्टची गंमत झाली. आम्ही झेंड्याच्या कट्ट्याभोवती माती उंच करून, वाळू घालून नवी रांग लावली होती. कळ्या आल्या होत्या. झेंडावंदन सकाळी लवकर असते आणि आभाळ भरलेले. मागच्या वर्षीची मुले आली आणि म्हणाली, "फुलं कुठायत?" सगळ्या कळ्या मिटलेल्या! ऊन आणि ऊब मिळाल्याशिवाय ही फुले उमलत नाहीत, हे आम्हाला माहीत होते, पण सांगायला लाज वाटली. खाऊ वाटून झाला, पुष्कळजण घरी गेले. साडेदहाच्या पुढे ऊन पडले तेव्हा चार फुले उमलली, तीन गुलाबी आणि एक पिवळे. तोपर्यंत त्या मुलीचा भाऊच थांबला होता. त्याने फुले पाहिली आणि म्हणाला, "माती उंच केली ते बरं केलं." मग मी त्याला दोन बादल्यांची गोष्ट सोडून बाकी सगळे सांगितले. आता तो हे वाचेलच.

फूल एकच दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी नवे येते. फुलाच्या मध्ये पिवळे केसर असतात, त्यांना गवताच्या काडीने हळूच शिवले की ते हलतात. सगळ्यांनी करून पाहा, पण फूल तोडू नका. फूल वाळले की बारीक बोंड धरते. ते पिकले की डबीचे झाकण उघडावे तशी त्याची वरची टोपी निघते. आत खसखशीएवढे बारीक, पाटीच्या रंगाचे बी असते. बी मातीवर नुसते भुरभुरायचे, खोल पुरायचे नाही. पण बियांपासून आलेल्या झाडाला तोच रंग येईल असे नाही. तोच रंग पाहिजे असेल तर फांदीच लावावी.

पालक सभा दुपारी तीनला असते. तेव्हा फुले मिटलेली दिसतील. ती सुकलेली नाहीत, कृपया त्यांना पाणी घालू नका. ज्यांना घरी लावायला शेंडे पाहिजेत त्यांनी मधल्या सुट्टीत माझ्याकडे मागावेत. गुलाबी पुष्कळ आहेत. पिवळे झाड एकच आहे, ते दिवाळीनंतर मिळेल.

इयत्ता ४ थी