अमीनाबाद ते अमीनाबाद : एका पदभ्रमणाचा आराखडा

पदभ्रमण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजगड किंवा हरिश्चंद्रगड उभा राहतो. सपाट शहरातल्या फेरीला कोणी मोहीम म्हणत नाही. पण आखणी शिकायची तर शहरही चांगला गुरू आहे, हे मला दिवाळीच्या सुट्टीत पटले. बाबांची बदली लखनौ छावणीत झाली आहे. तेथे मी घरच्यांसाठी अमीनाबादहून निघून पुन्हा अमीनाबादलाच येणारी, मध्यम दर्जाची फेरी आखली. ती कशी आखली हे येथे सांगतो. हीच पद्धत कोणत्याही गावाला लावता येईल.

आधी माणसे, मग नकाशा

बाबांनी एकच अट घातली होती : "मार्ग रांगेतल्या शेवटच्या माणसासाठी आखायचा." आम्ही पाच जण होतो. सर्वांत लहान माझी अकरा वर्षांची बहीण आणि सर्वांत मोठी सदुसष्ट वर्षांची आजी. आजी रोज तीन-चार किलोमीटर चालते, पण तिला जिने चढवत नाहीत. "भातखंड्यांचे विद्यालय दाखवणार असशील तर मी येते," असे ती म्हणाली. म्हणून ते ठिकाण सुरुवातीलाच घेतले आणि पायऱ्यांची जागा शेवटी ठेवली.

मार्ग

नवाब अमजद अली शाह यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावावरून अमीनाबाद हे नाव पडले. येथील बागेला लोक झंडेवाला पार्क म्हणतात, कारण स्वातंत्र्यलढ्यात येथे तिरंगा फडकवला गेला. तेथून ईशान्येला कैसरबाग लागते. शेवटचे नवाब वाजिद अली शाह यांनी १८४८ ते १८५० या काळात हा राजवाड्यांचा परिसर उभारला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये सुरू झालेले मॅरिस संगीत महाविद्यालय याच परिसरात आहे. आज ते भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. मुंबईच्या या मराठी वकिलाने हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र मराठीत लिहिले आणि शिक्षणाचे केंद्र मात्र लखनौत उभे केले.

पुढे उत्तरेला गोमतीकाठी छत्तर मंझिल आहे. येथून नदी उजव्या हाताला ठेवून चालायचे. नदी ही आपली आधाररेषा : ती डावीकडे दिसू लागली तर दिशा चुकली. वाटेत शहीद स्मारक आणि त्याच्या समोर रेसिडेन्सी. येथपर्यंत साधारण साडेतीन किलोमीटर होतात. त्यानंतर दोन किलोमीटरवर बडा इमामबाडा आणि रूमी दरवाजा. नवाब आसफुद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून हे बांधकाम काढले. इमामबाड्याचे मुख्य दालन सुमारे ५० मीटर लांब आहे आणि त्याला मध्ये एकही खांब नाही. शेवटी साडेतीन किलोमीटर चालून अमीनाबाद. एकूण ९ किलोमीटर.

वेळेचे गणित

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक नियम सांगितला : सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. लखनौत चढ नाही, पण गर्दी आहे आणि सोबत आजी आहे. म्हणून मी ताशी ४ किलोमीटर धरले.

चालणे : २ तास १५ मिनिटे.
कैसरबाग : २० मिनिटे. छत्तर मंझिल आणि शहीद स्मारक : प्रत्येकी १० मिनिटे. रेसिडेन्सी आणि इमामबाडा : प्रत्येकी १ तास.
राखीव वेळ : ३५ मिनिटे.

बेरीज साडेपाच तास. सकाळी साडेसहाला निघालो तर बाराला परत. अमीनाबादच्या गल्ल्या पहाटे मोकळ्या असतात, म्हणून प्रारंभ तेथून. परतताना गर्दी असते, पण तेव्हा कोठे वेळेवर पोहोचायचे नसते आणि जेवण समोर असते!

१८५७ चा धडा

लखनौच्या गल्ल्यांनी एका सैन्याला मोठा धडा शिकवला. रेसिडेन्सीत वेढल्या गेलेल्या इंग्रजांना सोडवण्यासाठी हॅवलॉक आणि औट्रम २५ सप्टेंबर १८५७ रोजी शहरात घुसले. घराघरांतून गोळीबार झाला. ५०० हून अधिक सैनिक ठार किंवा जखमी झाले, आणि आत पोहोचलेले सैन्य स्वतःच वेढ्यात अडकले. नोव्हेंबरमध्ये कॅम्पबेल आला. त्याने दाट वस्ती टाळली आणि पूर्वेकडून दिलकुशा, मार्टिनियर, सिकंदरबाग असा लांबचा पण मोकळा मार्ग घेतला. सिकंदरबागेत भयंकर लढाई झाली, तरी तो पोहोचला आणि वेढ्यातील लोकांना बाहेर काढू शकला. त्याला वाट दाखवायला कॅव्हना नावाचा कारकून वेषांतर करून रेसिडेन्सीबाहेर पडला होता. त्याच्याबरोबर कनौजीलाल हा शहराची माहिती असलेला हेर होता. नकाशावरची सर्वांत छोटी रेघ हा सर्वांत जवळचा मार्ग असतोच असे नाही. जमीन पाहा, आणि जमीन जाणणाऱ्याला विचारा. आम्हीही परतीसाठी गल्ल्या सोडून रुंद रस्ता निवडला, तो एका रिक्षावाल्या काकांना विचारून.

बाहेर पडण्याच्या वाटा

रूट कार्डावर प्रत्येक टप्प्यासाठी दिशा, अंतर, वेळ, पाणी आणि बाहेर पडण्याची वाट असे पाच रकाने ठेवा. आमच्या कार्डावर रेसिडेन्सीसमोर लिहिले होते : "आजी आणि आई येथून ई-रिक्षाने घरी." तोफगोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती पाहून झाल्यावर आजी ठरल्याप्रमाणे परतली. कोणालाही ते माघार घेतल्यासारखे वाटले नाही, कारण ते आधीच आराखड्यात होते. ऐन वेळी थकलेल्या माणसाला "मला जमत नाही" असे म्हणावे लागणे, हे आखणाऱ्याचे अपयश आहे.

स्मारके उघडण्याच्या वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या, प्रत्येकी एक लिटर पाणी घ्या, आणि कार्डाची एक प्रत घरी ठेवा. पुढच्या सुट्टीत आपापल्या गावाची अशी एक फेरी आखून पाहा. मात्र पेन्सिल उचलण्यापूर्वी रांगेतला शेवटचा माणूस कोण असेल, ते आधी ठरवा.